समोरची खिडकी

बेगमपेठेत नव्या कंपन्यांसाठी बांधलेली ती इमारत रेणुकाच्या अंदाजापेक्षा खूपच जास्त वीज खात होती. इमारतीतली माणसं दिवे, पंखे, एसी कधी लावतात याचे नियम घालून विजेचा हिशोब आधीच सांगणारा प्रोग्राम तिने लिहिला होता. तो मीटरशी जुळत नव्हता.

"सोमवारी बघू," तिचे साहेब भगवंतराव म्हणाले, "नाही जमलं तर काम बाहेरच्या कंपनीला. हौ ना?"

रविवारी अंबरपेठेतल्या घरी ती प्रोग्रामचे आकडे पुन्हा पुन्हा तपासत होती. तिचे वडील किशनराव निवृत्त शिक्षक. ते गल्लीतल्या मुलांना गणित शिकवत होते. लेकीची अडचण ऐकून त्यांनी मुलांना पुस्तकं मिटायला लावली.

"चला, खेळू या. ही खोली म्हणजे एसी असलेली कचेरी. तुम्ही कारकून, आणि मी ऊन. रेणुका, तूही बस."

"बाबा, मी कशाला?"

"एक कारकून कमी पडतोय."

किशनराव सावकाश खोलीभर फिरू लागले. "मे महिना. दुपार. मी डोक्यावर आलो."

मुलं वह्यांनी वारा घेऊ लागली. रेणुका उठली, तिने भिंतीवरचं नसलेलं एसीचं बटण दाबलं आणि सरळ जाऊन समोरची खिडकी उघडली.

"ताई, कैकू उघडली?" मुलांमधली अमृता खुदकन हसली. "एसी आहे ना!"

रेणुकाचा हात कडीवरच राहिला. जन्मभर घरात कूलर. कूलर लावला की समोरची खिडकी उघडायची, नाहीतर खोलीत नुसती ओल साचते. हाताला तीच सवय. तिच्या प्रोग्राममधला माणूस मात्र एसी लावून, खिडक्या बंद करून शहाण्यासारखा बसायचा.

सोमवारी ती आधी त्या इमारतीत गेली. एसी घरघरत होते आणि बहुतेक टेबलांसमोरच्या खिडक्या वीतभर उघड्या होत्या. परत येऊन तिने तेवढा एकच नियम बदलला. पडद्यावर तिची रेघ मीटरच्या रेघेला जाऊन चिकटली.

भगवंतराव चष्मा पुसून पुन्हा बघत राहिले. "मग खिडक्यांवर पाट्या लावू?"

"लावा. किती जण वाचतील आणि किती विसरतील, तेही यात घालते."

"नक्को, थांब." त्यांनी फोन उचलला. "आधी त्या बाहेरच्या कंपनीला 'नको' म्हणून कळवतो."

संध्याकाळी घरी शिकवणी चालूच होती. रेणुका दारातूनच म्हणाली, "बाबा, ऊन हरलं. तुमच्या कारकुनाचा हिशोब जुळला."