प्रेसनोटमध्ये नसलेला साहेब

सावेडीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत दुपारी तीनला अशी गुंगी यायची की विचारू नका. डोक्यावर पंखा, खाली कुणाची तरी सुरू न होणारी स्कूटर, आणि प्रज्ञाच्या मिटत आलेल्या डोळ्यांपुढे साहेब येऊन उभे राहायचे.

खरे साहेब नव्हेत हं! खरे म्हणजे परिवहन कार्यालयातले निरीक्षक रंगनाथ साहेब. बारा महिने सर्दी, नाकात बोलणं आणि दर वाक्याला 'बघू या'. त्यांच्यातून बातमी काय निघणार, कपाळ! प्रज्ञाचे साहेब वेगळे होते. उंचेपुरे, करड्या आवाजाचे, रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभे, आणि मागे सगळं धुकंच धुकं. दोन वर्षांत एकेका बातमीतून तिनं त्यांना घडवलं होतं. खरं सांगायचं तर तिचा त्यांच्यावर जीव जडला होता.

ती 'चाक आणि रस्ता'मध्ये काम करायची. टॅक्सी, जीप, टेम्पो चालवणाऱ्यांसाठीचं हे साप्ताहिक, आता मोबाईलवरही यायचं. संपादक आदिनाथ सरांचा नियम एकच, सरकारी प्रेसनोट जशीच्या तशी लावायची नाही. "बिनफोडणीचं वरण आहे ते, प्रज्ञा. कोण खाणार? लाव जरा तिखटमीठ." या धंद्यात सगळेच लावत. 'कुणाचीही गय केली जाणार नाही' हे वाक्य तर कुणी न बोलताच प्रत्येक बातमीत हजर असायचं. एकाही अधिकाऱ्यानं कधी तक्रार केली नाही. उलट आपण एवढे कडक बोललो हे वाचून बिचारे खूशच व्हायचे.

त्या दिवशीची प्रेसनोट चार ओळींची होती. एक्केचाळीस टॅक्सी-जीप तपासल्या. सात जणांना नोटिसा दिल्या. तपासणी पुढेही चालू राहील. ज्यांनी परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज भरला आहे त्यांना मार्चअखेर मुदत आहे, त्यांनी काळजी करू नये.

प्रज्ञानं डोळे मिटले. साहेब आले, त्यांनी हात वर केला, आणि तिची बोटं आपोआप चालू लागली. 'मुदत संपलेल्या टॅक्सींचं कंबरडं मोडणार! दिसेल तिथं जप्ती, कुणाचीही गय नाही, साहेबांचा करड्या आवाजात इशारा.' आणि ती मुदतीची ओळ? ती ठेवली असती तर साहेबांचा हातच खाली आला असता. तिनं ती काढून टाकली, झोपेत कूस बदलावी इतक्या सहज.

पाचव्या दिवशी संध्याकाळी राजूरहून आईचा फोन आला. पुष्पावतीबाई कधी रडत नाहीत, पण आवाज बसला होता.

"पोरी, तुझ्या बाबानं गाडी इकायला काढली. उद्या दुपारी तालुक्याहून, अकोल्याचा आसिफ येनार हाय न्यायला."

प्रज्ञाचे बाबा, सहादू, तीस वर्षं राजूरच्या बाजारातून वरच्या वाड्यांवर काळी-पिवळी जीप चालवत होते. बाळंतिणी त्यांनी उतरवल्या, नवऱ्या चढवल्या. त्या जीपवर प्रज्ञा शिकली.

"का पण? झालं काय?"

"परवाना संपलाय. जानेवारीत अर्ज टाकलाय, पावती बी हाय. तुला सांगू नगं म्हनले. पोरगी पेपरात, तिला लाज वाटंल."

"अगं, अर्ज टाकलाय तर मुदत आहे मार्चपर्यंत!"

"कुठं हाय?" आई म्हणाली. "तुझ्या बातमीत तर न्हाई."

प्रज्ञानं फोन ठेवला. तिनं बाबांना फोन लावला, तर ते म्हणाले, "हे असलं फोनवर बोलू नगं. साहेबलोक ऐकत्यात." आणि ठेवून दिला.

पहाटेची एसटी पकडून ती निघाली. संगमनेर मागे पडलं आणि खिडकीला डोकं टेकताच तिला झोप लागली. झोपेत दर वळणावर साहेब उभे होते. ती खाली उतरून त्यांच्या पाया पडायची. "साहेब, एवढा हात खाली घ्या. माझे बाबा आहेत." साहेब म्हणायचे, "कुणाचीही गय केली जाणार नाही." पुढच्या वळणावर पुन्हा तेच. त्यांना दुसरं वाक्यच येत नव्हतं, कारण तिनं त्यांना दुसरं दिलंच नव्हतं.

राजूरला उतरली तेव्हा दुपारचं धुरकट ऊन पडलं होतं. स्टँडच्या कडेला धुऊन पुसून जीप उभी होती, नवरीसारखी. बाबा फडक्यानं काच पुसत होते. शेजारी आसिफ चहाचा कप हातात धरून अवघडून उभा होता. जुन्या गाड्या घेऊन सुटे भाग विकणारा तो सरळ माणूस.

"बाबा, थांबा! गाडी द्यायची नाही. ती बातमी खोटी आहे."

सहादू हसले. "खुळी का काय तू? तू लिहिलेली हाय ती. आमच्या ग्रुपवर मी सगळ्यांना धाडली. माझ्या पोरीनं लिहिलंय म्हनलं."

"मीच लिहिली, पण साहेब तसं बोललेच नव्हते. ते मी घातलं माझ्या मनानं. आणि मुदत होती, ती मी काढली." शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

तिनं मोबाईलवर मूळ प्रेसनोट काढून दिली. सहादूंनी चष्मा लावून चारी ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या.

"ह्यात तर दमच न्हाई, पोरी. साहेब कुटं असा बोलतो? काळजी करू नये म्हनं!"

तिनं रंगनाथ साहेबांनाच फोन लावला आणि बाबांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "हो हो ताई, अर्ज असेल तर मुदत आहे. मार्चनंतर पुढचं बघू या."

सहादूंनी लेकीकडे बघून मान हलवली, माया दाटून आल्यासारखी. "ह्यो साहेब न्हाई. तुझ्या हापिसातला कुनीतरी हाय. साहेब मी बघितलाय. चार रात्री येतोय सपनात. उंच हाय, हात वर करून उभा, मागं धुकं."

प्रज्ञाच्या अंगावर काटा आला. "बाबा, तो मी बनवलाय हो! तो नाहीच कुठं!"

"तुला बापाचं वाईट वाटतंय, म्हनून बोलतीस," ते हळूच म्हणाले. "लेकरानं बापासाठी एवढं खोटं बोलावं, माझं भाग्य हाय. पर छापताना तू खोटं लिहिनार न्हाईस, हे मला ठावं हाय. जप्तीच्या दोरीनं वढत नेलेली बघन्यापरीस मी माझ्या हातानं देतो."

आसिफ पुढं आला. "चाचा, ताई एवढं सांगताहेत तर राहू द्या. मी मार्चनंतर येतो."

"जबान दिली, आसिफभाई," म्हणत त्यांनी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली आणि वर आपला हात दाबला.

जीप अकोल्याच्या रस्त्याला लागली. धूळ खाली बसेपर्यंत दोघं बघत राहिली. मग घरी जायला दुसऱ्याची जीप आली, सगळे भराभरा चढले. सहादू सवयीनं वळसा घालून स्टेअरिंगच्या बाजूला गेले, तिथं बसलेल्या ड्रायव्हरकडे बघत क्षणभर थांबले, आणि परत येऊन लेकीला म्हणाले, "प्रज्ञा, आपल्याला कुटं बसायचं असतं गं?"