दहावर थांबलेली सुई

आमच्या बोटीत मी उलटी बसते. नवरा लिंडसे पुढे बघत सुकाणू धरतो आणि मी त्याच्याकडे पाठ करून मागे बघते, कारण मागे लांब दोऱ्यांना धरून स्कीच्या फळ्यांवर दोन मुली उभ्या असतात. त्यातली एक माझी, टॅम्सिन. दुसरी तिची मैत्रीण ब्री. माझं काम एवढंच, की मुलींवरची नजर काढायची नाही, आणि कुणी पडलं तर केशरी झेंडा वर करायचा. मरे नदीवर इतकी वर्षं मी हे केलं, पण बोट कुठे चाललीय ते मला कधीच दिसलेलं नाही. दिसतं ते मागे पडलेलं पाणी आणि काठावरची लाल गमची, निलगिरीच्या जातीची झाडं.

मुलींशिवाय मी आणखी एकाच गोष्टीकडे बघते. माझ्या गुडघ्यापाशी एक छोटा मीटर आहे. तो मी भांडून बसवून घेतला. इंजिन कितीही चांगलं असो, पिस्टनच्या कडेने थोडा जळका वायू खाली निसटतोच आणि इंजिनाच्या पोटात साठतो. तो ओढून काढायला पट्ट्यावर चालणारा व्हॅक्यूम पंप असतो. पंप पुरा पडतोय तोवर मीटरची सुई वर राहते. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या, वायू जास्त यायला लागला, की सुई खाली येते आणि पोटात दाब धरतो. मग तेल वाट फुटेल तिकडे पळतं, सील ढकलतं, तापलेल्या एक्झॉस्टवर पडतं. बोट पेटली तर आम्ही दोघं नदीत उडी टाकू. पण मागच्या दोघी त्या वेगात थेट जाळावर येतात.

नदीकाठच्या एचूका गावातल्या शर्यतीआधी दोन आठवडे सरावात ती सुई शून्याला टेकली आणि तेल मोजायची पट्टी नळीतून आपोआप वर आली. मी सांगून टाकलं, रिंगा बदलल्याशिवाय मी बसणार नाही. आमच्याकडे नियम आहे, चौघांपैकी एकाने जरी नाही म्हटलं तरी बोट ट्रेलरवरून उतरत नाही. का म्हणून विचारायचंही नाही. लिंडसेने मान डोलावली. टॅम्सिन मात्र फुरंगटून बसली. ब्री शर्यतीनंतर पर्थला जाणार होती, जोडी फुटणार होती, आणि त्यांच्या गटात या वर्षी दोघी जिंकतील असं सगळा गाव म्हणत होता.

पुढचे दिवस लिंडसे शेडमध्ये खिटपिट करत राहिला. बदलल्या रिंगा, म्हणाला. मी इंजिन उघडून बघायला गेले नाही. नवऱ्याच्या शब्दावर पावती मागायची पद्धत आमच्या घरात नव्हती.

शर्यतीच्या सकाळी धरणापाशी बोट पाण्यात सोडली. इंजिन गरम केलं, एक फेरी मारली, सुई टुणकन दहावर गेली. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी अंगठा वर केला. टॅम्सिनने पाण्यात पोहत येऊन माझा हात घट्ट दाबला, आणि मला, वेडीला, वाटलं की पोरगी खूश आहे.

सुटलो. पहिलं वळण, दुसरं वळण. मुली सुरेख उभ्या होत्या. मी मधेच मीटरवर नजर टाकली, दहा. वळणावर लिंडसेने वेग कमी केला, तरी दहा. पुन्हा पूर्ण वेग दिला, तरी दहाच. सुई इतकी शहाण्यासारखी वागताना मी आयुष्यात पाहिली नव्हती. कमी-जास्त झालं की ती थरथरतेच.

मग वास आला. करपलेल्या तेलाचा. इंजिनाच्या झाकणाच्या फटीतून निळसर धूर निघून मुलींच्या दिशेने जायला लागला. टॅम्सिनने तो पाहिला. ती नको-नको असं डोकं जोरजोरात हलवत होती. मला वाटलं, घाबरलीय.

मी झेंडा वर केला आणि लिंडसेच्या खांद्यावर मूठ हाणली. कुणी पडलेलं नव्हतं. तरी त्याने निमूट वेग उतरवला, आणि कारण विचारलं नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मुली पाण्यात बसल्या, बोट थांबली, इंजिन बंद झालं. बाकीच्या बोटी आम्हाला मागे टाकून गेल्या.

मी मीटरकडे बघितलं. इंजिन बंद, पंप बंद, आणि सुई दहावर.

झाकण उघडलं तर तळाशी तेलाचं थारोळं, एक्झॉस्टपासून चार बोटांवर. मीटरची बारीक नळी हाताने चाचपत गेले. मधोमध पारदर्शक प्लास्टिकचा अंगठ्याएवढा तुकडा बसवलेला. त्याच्यावर बाण. हवा एकीकडूनच जाऊ देणारी झडप. सुई चढेल, पण उतरणार नाही. असला तुकडा मी ओळखते. टॅम्सिनच्या खोलीतल्या माशांच्या टाकीला तो असतो, आणि त्या टाकीची हवेची नळी मीच धुते.

"रिंगा?" मी विचारलं.

लिंडसे नदीकडे बघत म्हणाला, "वेळ नव्हता गं. मोठा पंप टाकला. वाटलं, भागेल."

"आणि हे?"

टॅम्सिन बोटीची कड धरून पाण्यात तरंगत होती. तीच म्हणाली, "ते मी लावलं. तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते."

"म्हणूनच."

ब्री पांढरीफटक पडली होती. मला म्हणाली, "कार्मेल, शपथ, मला माहीत नव्हतं." तिचं खरं होतं. तिलाही या दोघांनी त्याच दोरीला बांधलं होतं.

माझ्या पाठीमागे नवरा होता, तो खोटं बोलला ते मी एक वेळ गिळीन. पण पोरगी सगळा वेळ माझ्या डोळ्यांसमोर होती. तिच्यासाठीच मी मान मोडेपर्यंत मागे बघत बसायचे, आणि तिनेच माझे डोळे बांधले. मला रडूही आलं नाही, इतका संताप होता. मी तिला तेल दाखवलं. बघ म्हटलं, चार बोटं.

तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पोचलो असतो," ती म्हणाली.

शर्यतीच्या क्लबात लोकांनी लिंडसेची पाठ थोपटली. वेळेवर थांबवलीस, ड्रायव्हर असावा तर असा. तो पाव-सॉसेज खात राहिला. टॅम्सिननेही तोंड उघडलं नाही. मी मोटारीत जाऊन बसले.

घरी आल्यावर इंजिन उघडलं, रिंगा खरोखर गेल्या होत्या. लिंडसेने या वेळी नव्या बसवून जुन्या रिंगा आणून माझ्यापुढे टेबलावर ठेवल्या. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

ईस्टरच्या शर्यतीआधी टॅम्सिन स्वयंपाकघरात आली. नवी जोडीदार मिळाली होती. चहा घेतला, उगाच कप फिरवत बसली. माफी मागितली, तीही नीट मागितली, मनापासून. मग म्हणाली, "पण बसशील ना आई? बाबा म्हणाले, दुसरं कुणी बघतो. मी म्हटलं, नको. मला बोटीत डोळे झाकून भरवसा ठेवता येईल असंच माणूस लागतं."

मी तिचा कप उचलून विसळायला घेतला.

"मलाही," मी म्हटलं.