शांतम्माच्या टॉवेलातला लॅपटॉप

मी एक लॅपटॉप बोलतोय. बंद पडलेला. बोलायला वीज लागत नाही, हे मला बंद पडल्यावरच कळलं.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घरात, पिठाच्या डब्याशेजारी, भिंतीतल्या फळीवर मी असतो. घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये दोन यंत्रमाग आहेत. दिवसभर त्यांची खडखड चालते आणि त्यांच्यावरून टॉवेल उतरतात. हवेत सुताची लव सारखी तरंगत असते. भाकरीवर बसते, कॅलेंडरवर बसते, माणसांच्या छातीत बसते. माझ्यावरही बसते. आता मला तिचं भय उरलेलं नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथली मला फक्त थंडी आठवते. यंत्रांना उकडू नये म्हणून तिथं सगळं इतकं गार ठेवलेलं असायचं, की माणसं स्वेटर घालून काम करायची. माणसांना उकडू नये म्हणून कुणी एवढी तजवीज का करत नाही, हा प्रश्न मला पुढे सोलापूरचा मे महिना बघून पडला.

तिथून मी नवी पेठेतल्या एका दुकानात आलो. मी गेमिंगचा लॅपटॉप. अंगात ताकद भरपूर, पण बांधा सडपातळ. त्यामुळे दुकानदारानं मला काचेमागे नमुना म्हणून मांडलं. कॉलेजची पोरं यायची, माझ्यावर गाड्या पळवायची, ठोकायची, किंमत विचारायची आणि "घरी विचारून येतो" म्हणून जायची. घरी काय विचारलं जात होतं कोण जाणे. परत कुणी येत नव्हतं.

एक मुलगी मात्र परत परत यायची. तिनं कधी गाडी पळवली नाही. ती मला उचलायची, हातावर तोलायची, उलटा करून पोटाकडची जाळी बघायची आणि हळूच ठेवून निघून जायची. ती पूनम. इंजिनिअरिंग झालेलं, आणि डोक्यात एकच वेड, गेम बनवायचं. खेळायचं नव्हे, बनवायचं.

एके दिवशी ती वडिलांना घेऊन आली. त्यांचं नाव नरसय्या. ती त्यांना नाना म्हणायची, ते तिला बिड्डा, म्हणजे तेलुगूत लेकरू. दुकानात काउंटरवर इंद्रजीत नावाचा चुणचुणीत तरुण होता. त्यानं विचारलं, "गेमिंगचा पाहिजे व्हय? कुणासाठी, भावासाठी का ताई?"

"माझ्यासाठी. आणि खेळायला नाही, बनवायला."

"गेम बनवतेत सोलापुरात?"

"आतापासून बनवतेत," पूनम म्हणाली.

नानांनी घरूनच बजावून आणलं होतं, पासष्ट हजाराच्या वर एक रुपया नाही. तेही पूनमच्या आईची भिशी धरून. इंद्रजीतनं काउंटरवर आम्हा तीन लॅपटॉपांना मांडलं. एक धिप्पाड, ताकदीला जोरदार, पण विटेएवढा चार्जर बरोबर घेऊन फिरणारा. दुसरा कागदासारखा हलका, पण गेमचं नाव काढलं की धापा टाकणारा. आणि मी, मधला. नमुन्याचा म्हणून किंमत उतरलेला.

नानांनी आम्हाला एकेक करून तळहातावर घेतलं, मग अंगठा आणि बोटांच्या चिमटीत आमची झाकणं चाचपली. धिप्पाडावर हात ठेवून म्हणाले, "हा घे. वजनाला भरतोय. माल चांगलाय."

पूनमला हसू आवरेना. "नाना, टॉवेल हाय का हा?"

"टॉवेल असू दे न्हाय तर काय बी असू दे. हलका माल धुतला की संपला."

"ह्याला कोण धुणार हाय?"

इंद्रजीतही हसला. मग पूनम समजावू लागली. घरात टेबल नाही, असं ती म्हणाली नाही. म्हणाली, "मला एका जागी बसून चालणार नाही, नाना. सकाळी ओट्यावर, दुपारी खाटेवर, मागाजवळ आवाज घ्यायला, उद्या पुण्याला. उचलला की निघता आलं पाहिजे."

'पुण्याला' हा शब्द ऐकून नानांनी धिप्पाडावरचा हात काढून घेतला. म्हणाले, "एक वर्ष देतो, बिड्डा. तुझं ते गेमचं जमलं तर जमलं. न्हाय तर आपले टॉवेल घेतेत त्या पेढीवर बिलं करायला बसायचं. मग कुरकुर न्हाय पाहिजे."

"नाही करणार."

असा मी निवडला गेलो. पिशवीत घालताना इंद्रजीत म्हणाला, "ताई, एक ध्यानात ठेवा. पातळ हाय हा, पोटाखालनं हवा ओढतो. गादी, उशी, मऊ काय बी खाली नको."

"माहितीये," पूनम म्हणाली. तिला खरंच माहीत होतं.

पण घरात आणखी एक माणूस होतं, आणि ते दुकानात आलेलं नव्हतं.

शांतम्मा म्हणजे पूनमची अम्मा. मागावरून उतरलेल्या टॉवेलांच्या कडांना ती दिवसभर मशीनवर शिलाई घालायची. मी घरात आलो तेव्हा तिनं मला ओवाळलं, झाकणावर कुंकवाचं बोट लावलं. पूनमनं मला सुरू केलं, तसा माझा पंखा घुमला. शांतम्मानं कान जवळ आणला.

"आत काय तरी घुरघुरतंय गं. ह्यात पंखा हाय व्हय?"

पूनमचे डोळे माझ्या पडद्यावर होते. "अम्मा, तुला नाही कळायचं ते. सोड."

ती रागानं नाही बोलली. घाईत बोलली. शिकलेली मुलं घरच्यांशी घाईत बोलतात, तसंच. शांतम्मानं मान हलवली आणि मशीनवर जाऊन बसली. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर. पूनमचा गेम मागाचाच होता. खेळणाऱ्यानं आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे सोडायचा, तुटलेला धागा वेळेत जोडायचा, ठेका चुकू द्यायचा नाही. नीट जमलं की पडद्यावर नक्षी उमलत जायची, चुकलं की कापडात भोक पडायचं. आवाज घ्यायला ती मला शेडमध्ये नेऊन नानांच्या मागाजवळ ठेवायची. नाना खेकसायचे, "अगं, जरा बाजूला सरक की, धोटा लागंल!" पण तिनं पहिल्यांदा त्यांना खेळायला बसवलं, तेव्हा ते उठायलाच तयार होईनात. धागा तुटला की पडद्याला शिव्या द्यायचे. शांतम्मा दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसायची.

आणि शांतम्मा मला जपायची. लव काय करते हे तिला चांगलं ठाऊक होतं, तिचा स्वतःचा खोकला त्यातूनच आलेला. पूनम मला चार्जिंगला लावून कुठं गेली, की शांतम्मा माझ्या अंगावर टॉवेल घालायची, एक पोटाखालीही सरकवायची. "सुतानं नाक भरतंय लेकराचं," असं पुटपुटायची. लेकरू म्हणजे मी. मला एवढ्या मायेनं आजवर कुणी हाक मारली नव्हती. त्या टॉवेलांची लव माझ्या जाळीतून आत जात होती आणि पंख्याभोवती साचत होती. मला गुदमरायला होत होतं. मी तापायचो, घरघरायचो. एवढंच मला बोलता येत होतं.

पूनम परत आली की टॉवेल भिरकावून द्यायची. "अम्मा पण ना!" म्हणायची. हे वाक्य ह्याच्यापुढे कधी गेलंच नाही. पुढचं वाक्य किती छोटं होतं! 'ह्याला खालून हवा लागते, अम्मा.' बस. जगातले सगळे गेम समजावून सांगणाऱ्या त्या पोरीला एवढं सांगायला सवड झाली नाही. माझा पंखा ओरडू लागला तेव्हा तिला वाटलं, उन्हाळा आहे.

वर्ष सरत आलं आणि पुण्याच्या एका कंपनीनं तिचा अर्ज निवडला. मुलाखत ऑनलाइन होती. तिनं गेम चालवून दाखवायचा, त्यांनी बघायचं. मे महिना, सकाळचे अकरा. पत्रे एव्हाना तापले होते. नानांनी माग बंद ठेवले होते, आवाज नको म्हणून. वर्षभरात माग बंद ठेवायची त्यांची ती पहिलीच वेळ.

पूनम आत वेणी घालत होती. शांतम्मानं कपाटातून नवा कोरा टॉवेल काढला. राणी रंगाचा, जाड, नानांनी आदल्या दिवशीच मागावरून उतरवलेला. खाटेवर तिनं त्याची घडी अंथरली आणि मला दोन्ही हातांनी उचलून त्यावर बसवलं. आमच्याकडे मानाच्या माणसाला टॉवेल-टोपी देतात. ती नानांना म्हणाली, "टोपी कुटं घालू ह्याला? टॉवेल तरी देते."

पूनम आली. तिला टॉवेल दिसला. तिचा हात भिरकावायला पुढेही झाला. मग तिनं अम्माच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. 'अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे,' असं तिला वाटलं असावं. वर्षभरात त्या एकाच दिवशी तिनं टॉवेल राहू दिला.

मी जिवाचा आटापिटा केला, खरंच. पडद्यावर धोटा सुटला, नक्षी उमलू लागली. पलीकडचा एक साहेब म्हणाला, "वा, हा आवाज खऱ्या मागाचा आहे का?" पूनमचा आवाज फुलला, "माझ्या वडिलांच्या मागाचा." माझ्या पोटाखाली राणी रंगाचा जाड मऊपणा होता. हवा येत नव्हती. आतली लव तापून वास सुटला. धोटा अर्ध्या वाटेत थिजला, नक्षी थिजली, आणि मी विझलो.

पूनमनं मोबाइलवरून पुन्हा जोडून घेतलं. साहेब सौजन्यानं बोलले. पुढची मुलाखत लागलेली आहे, म्हणाले. तुम्ही पुढच्या वर्षी जरूर अर्ज करा, म्हणाले. ज्यांच्या घरी दुसरा लॅपटॉप असतो त्यांना 'पुढच्या वर्षी' हा शब्द किती सहज बोलता येतो!

शांतम्मानं मला त्याच टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलं आणि त्या दोघी रिक्षानं मुनीरभाईंकडे गेल्या. मुनीरभाई लॅपटॉप दुरुस्त करतात. शांतम्मा बाहेरच्या पायरीवर बसली. मुनीरभाईंनी माझं पोट उघडलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे बाप रे! ये लॅपटॉप है की गादी?"

चिमट्यानं त्यांनी लवेचा पुंजका ओढून काढला. पांढरा, आणि एका कडेला राणी रंगाचा. "नीचे कपडा डालते थे क्या, बेटी? इसका तो दम घुट गया. बोर्ड जल गया पूरा."

"चाचा, हळू बोला," पूनम म्हणाली. तिनं पायरीकडे पाहिलं.

मुनीरभाईंनीही पाहिलं. त्यांना कळलं. पुंजका त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला आणि तिनं मूठ मिटली. नवा बोर्ड म्हणजे जवळपास नवा लॅपटॉपच, असं त्यांनी दबक्या आवाजात सांगितलं. गेम तेवढा त्यांनी पेनड्राइव्हमध्ये काढून दिला.

पायरीवर शांतम्मानं विचारलं, "काय म्हणले गं? माझ्या हातनं तर काय झालं न्हाय ना?"

"नाही अम्मा. कंपनीचाच माल खराब होता."

"मग बरं," शांतम्मा म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाली, "बरं म्हंजे, बरं न्हाय. पण बरं."

आता पूनम पेढीवर बिलं करते. कुरकुर करत नाही, तसं कबूलच केलेलं आहे. पेनड्राइव्ह तिच्या पर्समध्ये असतो.

मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. घरात कुणी तुम्हाला विचारलं, 'ह्यात काय हाय?' तर 'तुला नाही कळायचं' म्हणू नका. दोन मिनिटं बसा. मला तीच दोन मिनिटं कमी पडली.

गेल्या रविवारी दुपारी वीज गेली. माग थांबले. पूनम मला खाली घेऊन बसली, स्क्रू काढले, पोट उघडलं. शांतम्मा शेजारी येऊन टेकली.

"अम्मा, तू एकदा विचारलं होतंस," पूनम म्हणाली. "हा बघ. हाच तो पंखा."

"अगं बया! एवढासा? आणि घुमत होता केवढ्यानं!"

मग पूनमनं तिला सगळं दाखवलं. हा मेंदू, हे त्याच्या आठवणीचं घर, ही उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी. एका वर्षात बोलली नव्हती एवढं ती त्या दुपारी बोलली. शांतम्मा एकेका गोष्टीला "व्हय?" म्हणत होती. मग तिनं माझं पोटाकडचं सुटं झाकण उचललं. त्याच्या जाळीवरून बोट फिरवलं. जाळीच्या फटीत राणी रंगाचा एक तंतू अडकलेला होता. तिचं बोट तिथं थांबलं.

"मग हा हवा कुठनं घेत होता गं?"

पूनमनं जमिनीवरचे स्क्रू एका रांगेत लावले. बाहेर कुठं तरी कुकरची शिट्टी झाली.

"वरनं, अम्मा," ती म्हणाली. "वरनं घेत होता."

शांतम्मानं तो तंतू नखानं अलगद ओढून काढला आणि पदराच्या टोकात बांधला.

"व्हय," ती म्हणाली, "वरनंच घेत असंल."

मग ती वाकली आणि माझ्या उघड्या पंख्यावर तिनं हलकी फुंकर घातली. पंखा फिरला. एक फेरा, मग अर्धा, मग थांबला. ती पुन्हा फुंकर घालू लागली, आणि पूनमनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.