झऱ्याला मारलेलं बूच

मी एक जुना ओढा आहे. मित्रांनो, माझगावच्या टेकडीच्या पोटातून मी निघतो आणि पायथ्याच्या बागेतून वाहतो. म्हणजे, वाहत होतो. एके काळी माझ्या पाण्यात बायका गोधड्या धूत, गोदीतून सुटलेले कामगार पाय बुडवून बसत. माझं कौतुक करायला कुणाला वेळ नव्हता, पण माझ्यावाचून कुणाचं चालतही नव्हतं. मग घरोघरी नळ आले. त्यात वाईट ते काय? पण लोक मला विसरले, आणि विसरलेल्या जागी माणूस पहिल्यांदा टाकतो तो कचरा. पिशव्या, मोडकी खुर्ची, एकदा तर अख्खा कमोड! भाविक मंडळी निर्माल्य सोडत आणि वर नमस्कारही करत. असे नमस्कार घेत घेतच मी गुदमरलो.

यंदा बागेत जॉगिंग ट्रॅक करायचं ठरलं. बागेचे साहेब म्हणाले, "महिन्याभराने रविवारी चारला येतो. वाहतं पाणी दिसलं तर ओढा राहील, नाहीतर भराव टाकू."

आणि मग आली माझी माणसं! शाळेतून निवृत्त झालेल्या सबीनाबाई, बँकेतली अपूर्वा, जन्मभर नळदुरुस्ती केलेले तात्या, आणि त्यांच्यामागे आसपासच्या इमारतींतली पंचवीस-तीस जणं. रांगेत उभं राहून ती गाळा-कचऱ्याची घमेली हातोहात पुढे देऊ लागली. माझ्या अंगावरचं एकेक ओझं उतरत होतं. शेवटच्या शनिवारी संध्याकाळी खडकाची चीर मोकळी झाली आणि मी बुडबुडत वर आलो. किती वर्षांनी!

"पाणी!" अपूर्वा किंचाळली.

"पाणी कसलं, गळती आहे," तात्या म्हणाले. "खालची पाइपलाइन फुटलीय. पिण्याचं पाणी वाया चाललंय, आणि नाचताय काय? पोतं आणा! झरा वर सापडेल."

त्यांनी चिरेत पोतं ठासलं, वरून सिमेंट थापलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गळती थांबवणाऱ्या माणसाला मुंबईत मान असतोच. माझ्या तोंडात बोळा होता, नाहीतर मीच ओरडलो असतो.

रविवारी सकाळपासून त्यांनी वरची माती खणली. थेंब नाही. "गेला आपला ओढा," म्हणत अपूर्वा मटकन खाली बसली. मी आतून जीव खाऊन ढकलत होतो.

दुपारी सबीनाबाई चर्चहून चांगल्या कपड्यांतच थेट आल्या. कालच्या सिमेंटच्या कडेने ओल झिरपताना त्यांना दिसली.

"काय हो तात्या, आपल्या लाइनीला पाणी कधी सोडतात?"

"पहाटे साडेचार ते साडेसहा. लहान पोरालाही ठाऊक आहे."

"आणि आत्ता वाजले किती?"

तात्यांनी घड्याळ पाहिलं. मग ओल पाहिली. मग पुन्हा घड्याळ.

"साडेबारा. लाइन तर आत्ता कोरडी," ते पुटपुटले. "अहो सबीनाबाई, मी झऱ्यालाच बूच मारलं!"

"चाळीस वर्षांची सवय," बाई म्हणाल्या. "आता छिन्नी आणा, पश्चात्ताप मागाहून करा."

ठाक, ठाक, ठाक! सिमेंटचा शेवटचा टवका उडाला, तात्यांनी पोतं हिसडलं आणि मी असा उसळलो, की त्यांची पँट कमरेपर्यंत भिजली. अपूर्वा वाहत्या पाण्याच्या काठाकाठाने पळत सुटली. "आला रे आला!" सगळी बाग ओरडत होती.

चारला साहेब आले. वाकून त्यांनी पाण्यात हात घातला. "हे कुठे सापडलं?"

"माझ्या चुकीखाली, साहेब," तात्या म्हणाले.

साहेब हसले आणि नकाशावर पेन्सिलीने ट्रॅकची रेघ माझ्यापासून दूर वळवली.

तर मित्रांनो, एवढंच मागणं. मला रंगीत दिवे नकोत, काठावर सिमेंटचं हरीणही नको. निर्माल्य घरच्या कुंडीत घाला, देव रागावणार नाही. आणि जमिनीतून पाणी येताना दिसलं, तर ते बंद करण्याआधी दिवसभर त्याच्याजवळ बसा. ते कुठून येतंय, ते तेच सांगेल.