दुसरी कढई

मी हळद शिजवायची कढई बोलतेय. जाड लोखंडाची, बुडाला काळीठिक्कर. हिंगोलीहून बैलगाडीत बसून भावसिंगच्या तांड्यावर आले, तेव्हा बायका मला बघायला जमल्या होत्या. नवरीला तरी एवढा मान कुठे मिळतो!

भावसिंगचा रणजीत तेव्हा औरंगाबादेत भौतिकशास्त्र शिकत होता. होळीच्या सुट्टीत बापानं त्याला माझ्या जाळापाशी बसवलं. माझ्यात एका वेळी शिजते तेवढ्या हळदीला तांड्यावर 'एक कढई' म्हणतात. फेस आला, वास सुटला की हळदीत काडी टोचायची. सहज रुतली की जाळ ओढायचा. एवढंच काम. पण हा बसला राखेत आकडे मांडत! हळदीचा गाळ झाला, रंग गेला. तांडा हसला. भावसिंग एवढंच म्हणाला, "उद्या दुसरी कढई चढवायची हाय. लवकर ऊठ."

पुढं रणजीत कोलकात्याला संशोधनाला गेला. घरी आला की माझ्यापाशी बसून बापाला समजावायचा.

"बा, अणूच्या पोटात गाभा, गाभ्यात कण, कणांच्या पोटात क्वार्क. ग्लुऑन त्याईला बांधून ठेवतेत. पण दोन जड गाभे लई जोरात आदळले, की अशी आच लागते, सगळं वितळून सुटं व्हतं. पापणी हलायच्या आत परत गोठतं."

"मंग तुला दिसतं कसं?"

"दिसत न्हाई. कागदावर गणित करून राहिलो. खरं-खोटं मशीन सांगंल."

त्याच्या गणिताप्रमाणे ते सुटे कण वाफेसारखे, जो तो आपला, पांगायला हवे होते. उमेदीची सगळी वर्षं त्यानं त्यात घातली. भावसिंग जवळा बाजारला गेला की ज्याला त्याला हे सांगायचा. ऐकणाऱ्याला कळो न कळो.

२००५ च्या शिमग्यात रणजीत न कळवता आला. परदेशातल्या मोठ्या यंत्रात दिसलं होतं, की तो वितळलेला पदार्थ पांगत नाही. रसासारखा एकत्र वाहतो.

"बा, मी चुकलो. आता परत जात न्हाई. शेती करतो."

त्याच्या आईनं, रूपाबाईनं, पदर डोळ्यांना लावला. मलाही गहिवरून आलं, पण लोखंडाला रडता येत नाही. भावसिंग लाकडं सारत राहिला.

"मशीन बराबर हाय?"

"व्हय."

"मंग उद्या दुसरी कढई चढवायची हाय. लवकर ऊठ."

सकाळी बापलेकांनी मिळून मला भरलं. काडी रणजीतनंच टोचली, अगदी वेळेवर. हंगाम संपताच तो कोलकात्याला परतला आणि त्या वाहत्या रसाचं गणित नव्यानं मांडायला बसला.

आता भावसिंग नाही. तांड्यावर वाफेवर हळद शिजवायचं यंत्र आलंय. मी गोठ्यामागं पालथी पडलेय. परवा रूपाबाई फोनवर लेकाला विचारत होती, "काहून रडून राहिला रे लेकरा? दुसरं गणितबी चुकलं का?"

रूपाबाई, मला खुशाल भंगारात घाल. वितळायची मला भीती नाही. पण त्याआधी त्याला एकदा घरी बोलाव आणि माझ्याखाली जाळ घाल. त्याला उठवणारा बाप गेला. ते शब्द ऐकलेली मी अजून आहे.