डाव्या पायाचं बटण

नणंदेनं माऊसचं पोट उघडलं तेव्हा वहिनीनं डोळेच मिटले.

"अगं, ऑफिसचा आहे तो."

"असू दे. ऑफिसचं का पोट दुखतंय?" नणंद म्हणाली आणि कामाला लागली. वीस वर्षं रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बाईला हे म्हणजे हातचा मळ.

वहिनी कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढायची. पण संधिवातानं दोन्ही हातांची बोटं अशी आखडली, की माऊस तळव्यानं सरकायचा आणि बटण काही दाबलं जायचं नाही. साहेबांनी तीन आठवडे कळ काढली. आज दुपारपर्यंत सांगा म्हणाले, जमणार का दुसरं माणूस बघू? हे ऐकलं आणि नणंदेच्या अंगातच आलं. बोटं रुसली तर रुसू देत, पाय कुठं रुसलेत?

दारावरच्या घंटीची दोन बटणं तिनं दोन फळकुटांवर ठोकली. माऊसच्या आत नखाएवढी दोन बटणं असतात. त्यांच्या धातूच्या पायांना वायरी डागल्या, त्या फळकुटांपर्यंत आणल्या आणि फळकुटं टेबलाखाली वहिनीच्या पायांशी सरकवली. स्वतःही टेबलाखालीच बसली.

"हं, डावं दाब!"

वहिनीला कुठला धीर! दाबलं. टक.

"झालं?"

"यादी उघडली गं. कापा, चिकटवा, असलं काहीतरी."

ती तर उजव्या बटणाची. नणंदेनं कपाळावर हात मारला. डाग द्यायला आतली सर्किटची पट्टी पालथी घातली की डावं उजवीकडे जातं, हे ती शिकाऊ पोरींना ओरडून सांगते. पोहणाराच बुडतो म्हणतात ते असं. ओशाळून ती वर आली आणि तिची नजर पडद्यावर गेली.

पडद्यावर वहिनीचा राजीनामा होता. पेन्सिल मुठीत धरून, कीबोर्डवर एकेक अक्षर टोचून लिहिलेला. बाण बरोब्बर 'पाठवा'वर.

"सकाळीच बाण तिथं नेऊन ठेवला होता," वहिनी पुटपुटली. "दाबायलाच जमेना. मग तू आलीस, आणि या गडबडीत मी विसरूनच गेले."

म्हणजे नणंदेनं काम चोख केलं असतं, तर नोकरी गेली असती. मग नणंद अशी हसत सुटली की वहिनीलाही आवरेना.

"आयुष्यात एकदाच चुकले, आणि तेही तुझ्या कामी आलं," असं म्हणून तिनं दोन्ही फळकुटांची जागा बदलली.

वहिनीनं तळव्यानं बाण हलवला. डावा पाय. टक. राजीनामा कचऱ्यात गेला. तीन आठवडे अडलेला नकाशा उघडला. टक, इथून, टक, तिथपर्यंत. स्वयंपाकघराची भिंत सरळ उभी राहिली. वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पाय काही थांबत नव्हता.

"साहेबांना फोन लाव," ती म्हणाली. "सांग, दुपारी उत्तर नाही येत, नकाशाच येतोय."