आप्पांना गिटार फोडता येईना

आमच्या बँडवर टीव्हीसाठी सिनेमा निघतोय हे कळलं तेव्हा अख्ख्या बिडकीनला आनंद झाला, एक मला सोडून. मी मंजुषा, 'खडी मशीन' या रॉक बँडची ड्रमर. त्या सिनेमात आमचे वडील, आप्पा, रागाच्या भरात गिटार फोडणार होते, आणि आमच्या आप्पांनी उभ्या जन्मात कधी कपबशीसुद्धा फोडलेली नाही.

बँडचं नाव उगाच पडलेलं नाही. मी, माझा धाकटा भाऊ सत्यम आणि त्याचा शाळेपासूनचा दोस्त शिवराज असे आम्ही तिघं. पैठण रोडवर चितेगावच्या अलीकडे एक दगड फोडायची खडी मशीन होती, तिच्या शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सराव करायचो. तिथं कितीही ठोका, कुणी तक्रार घेऊन येत नसे, कारण आलेल्याचं बोलणं आम्हाला ऐकूच आलं नसतं. सत्यम गायचा, शिवराज गिटार वाजवायचा आणि आमचे आप्पा, म्हणजे गावाचे काकासाहेब, आम्हाला आपल्या छोट्या टेम्पोतून गावोगाव न्यायचे. कार्यक्रम सुरू झाला की स्टेजच्या पायरीशी बसायचे, कानात आपल्याच शेतातला कापूस घालून. कापूस घालायचे, पण उठून कधी जायचे नाहीत.

मग आमचं एक गाणं फोनाफोनांतून फिरलं. शहरात क्रांती चौकातल्या चहाच्या टपऱ्यांवर वाजायला लागलं, पुण्या-मुंबईची बोलावणी आली आणि ऐन भरात बँड मोडला. झालं असं, की शिवराजला बिडकीनच्या नव्या कंपनीत नोकरी लागली. लागल्या लागल्या रजा कोण देणार? तो पुण्याच्या कार्यक्रमाला आला नाही. सत्यमचं डोकं फिरलं आणि त्यानं भर कार्यक्रमात माईकवरून सांगितलं, "आमच्याकडं गिटारवाल्याची जागा रिकामी आहे, इच्छुकांनी भेटावं." लोक खो खो हसले. शिवराजनं ते फोनवर पाहिलं आणि बोलणं टाकलं.

दोन वर्षं! एका गल्लीत राहून दोन वर्षं! एक दूध आणायला निघाला की दुसरा घरात घुसायचा. मी दोघांना समजावून थकले, शिव्या घालून थकले. मला माझा बँड परत हवा होता, बाकी काही नको होतं.

तेवढ्यात ऋतुराज उगवला. हा सिनेमाचा दिग्दर्शक, पुण्याचा. स्वभावानं चांगला, पण त्याला चहातसुद्धा संघर्ष लागायचा. बँड का मोडला, असं त्यानं दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं. खरं सांगायची दोघांनाही लाज वाटत होती. सत्यमनं ठोकून दिलं, की आप्पांना आमचं गाणं पसंत नव्हतं, त्यांनी गिटार फोडली. ऋतुराजनं शिवराजला विचारलं, हे खरं का? शिवराज म्हणाला, "व्हय, फोडली." दोन वर्षांत दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एका थापेवर.

मी दोघांची हजेरी घ्यायला उठले, तर आप्पांनीच मला अडवलं.

"राहू दे मंजे. पोरायचं नाव होतंय. मला काय, चार दिवस लोक शिव्या देतील."

शूटिंग आमच्याच अंगणात ठेवलं होतं. सत्यम आणि शिवराज यांची कामं करायला दोन देखणे नट आले होते. खरे दोघं कॅमेऱ्याच्या मागं उभे, एक या टोकाला, एक त्या टोकाला. शेवटच्या गाण्यात खऱ्या बँडनं वाजवायचं ठरलं होतं म्हणून शिवराज आला होता, तोही "वाजवणार आन् जाणार, बोलणार नाय" अशी अट घालून. एकत्र वाजवण्याची ही शेवटची वेळ, हे मला दिसत होतं.

बापाचं काम करणारा नट मात्र आदल्या दिवशी शहरात नान-खलियाच्या मटणावर असा तुटून पडला होता, की आज त्याला उभं राहवेना. सगळी तयारी झालेली. ऋतुराजनं डोक्याला हात लावला. तेव्हा आप्पा पुढं झाले. "मह्यं सोंग मीच घेतो की."

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. खंडेनवमीला आप्पा टेम्पो, विळे, नांगराचा फाळ यांच्या रांगेत ड्रम आणि शिवराजची गिटारही मांडतात, हळदकुंकू वाहतात. वाद्य हातात आलं की आधी कपाळाला लावायचं, ही त्यांच्या हाताची सवयच झाली आहे.

ऋतुराज ॲक्शन म्हणाला. आप्पा ताडताड चालत आले, डोळे वटारले, गिटार उचलली, भक्तिभावानं कपाळाला लावली आणि मग डोक्यावर उगारली.

"कट! काका, फोडायच्या आधी पाया पडायचं नाही."

"व्हय, चुकलं."

पुन्हा तेच. अंगणातली माणसं तोंडावर हात दाबून हसत होती. त्याच्या पुढच्या वेळी आप्पांनी मोठ्या कष्टानं कपाळ आवरलं. गिटार उगारली, जोरात खाली आणली आणि बाजेवर अलगद ठेवून दिली. वर, कुठं लागलं तर नाही, म्हणून हात फिरवून पाहिलं.

ऋतुराज रडकुंडीला आला. "काका, ही खोटी गिटार आहे. राग आणा थोडा! पोरं तुमचं ऐकत नाहीत असं समजा."

"समजायचं कामून? नाहीच ऐकत."

"मग तेच बोला! लिहिलेलं विसरा. मनात असेल ते बोला."

आप्पा त्या दोन नटांकडे वळले.

"शिवराज, रजा नव्हती तर एक फोन करता येत नव्हता का रे? आम्ही पुण्यात तुही वाट पाहत बसलो. आन् तू रे, सत्या! भाऊ म्हणायचा ना त्याला? आन् माईकवर बोलतो? मह्या कानात कापूस होता तरी मला ऐकू आलं. मान खाली गेली मही." आवाज चढत गेला. आप्पांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "वरून दोघांनी मिळून मलाच वाईट केलं. केलं तर केलं, मी सोसलं. पण दोन खंडेनवम्या झाल्या, ह्याची गिटार नाय मह्या रांगेत. तेवढी जागा मोकळी सोडतो मी. तुमची माय म्हणती, सरकवा की जरा. मी म्हणतो, नाय. पोरगं येणार हाय."

सत्यम झालेला नट भांबावून म्हणाला, "सॉरी, आप्पा." हे कुठं लिहिलेलं नव्हतं.

ऋतुराज कट म्हणायचं विसरला होता. भानावर आला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. "हेच पाहिजे होतं! गिटार फोडणं रद्द. पण काका बोलल्यावर दोघं काय म्हणाले? पुढं काय झालं?"

मागून खरा सत्यम हळूच म्हणाला, "पुढचं अजून झालंच नाय."

शिवराज बुटाच्या टोकानं माती उकरत होता. हा आत्ता फाटकाबाहेर गेला, तर पुन्हा येणार नव्हता.

सत्यम त्या टोकाकडून निघाला. वायरींत पाय अडकून धडपडला, सावरला आणि शिवराजसमोर जाऊन उभा राहिला.

"शिवा, लई घाण बोललो मी त्या दिवशी."

"मीबी फोन नाय केला."

"मारायचं तर मार."

"मारणारच हाय," शिवराज म्हणाला, त्याच्या पाठीत दणकून एक गुद्दा घातला आणि तिथंच त्याच्या गळ्यात पडला. दोघं दांडगे बाप्ये हमसून हमसून रडायला लागले. मीही रडले, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

ऋतुराजनं कॅमेरामनला खूण केली. कॅमेरा त्यांच्याकडे वळायला लागला, तसे आप्पा मध्ये जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"एवढा वेळ तू म्हणशील ते केलं बाबा. हे नको घेऊ."

ऋतुराजनं कॅमेरा बंद करायला सांगितला.

सिनेमा लागला तेव्हा सारी गल्ली आमच्याकडे जमली होती. आप्पा पडद्यावर बोलून थांबले आणि पुढं एकदम आमचं गाणंच सुरू झालं. शेजारच्या दगडाबाई म्हणाल्या, "काकासाहेब, मधलं कायतरी सुटलं वाटतं."

"सुटलं नाय," आप्पा म्हणाले. "घरी ठेवलंय."